बरोबरी करणे : एका क्रियापदाचा मराठवाड्यातील इतिहास

१

समतेवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्याहून अधिक बोलले गेले आहे. परंतु 'समता' हे नाम आहे, आणि नामाची एक मोठी सोय असते : त्याला कर्ता लागत नाही. व्यासपीठावर उभे राहून कोणीही समतेचा जयजयकार करावा. त्याने गावातल्या एकाही माणसाची बसण्याची जागा बदलत नाही. क्रियापदाचे तसे नसते. क्रियापद आले की कोण, कोणाला, केव्हा आणि कुठे हे प्रश्न पाठोपाठ येतात. म्हणून समतेचा इतिहास नामात शोधण्यापेक्षा क्रियापदांत शोधावा, असे मला वाटते. दोन माणसांना सारखे ठरवण्यासाठी मराठीत जी क्रियापदे आहेत — मानणे, समजणे, लेखणे, गणणे, धरणे, वागवणे, बरोबरी करणे — ती कोणी कोणासाठी वापरली, एवढेच पाहिले तरी मराठवाड्याच्या गेल्या शंभर वर्षांचा एक आडवा छेद हाती लागतो.

मी नांदेडात मराठी शिकवतो. 'समान मानणे' आणि 'बरोबरी करणे' ही दोन क्रियापदे वाक्यात वापरा, असे वर्गात सांगितले की जी वाक्ये येतात त्यांचा साचा जवळजवळ ठरलेला असतो. 'समान मानणे' याचा कर्ता राजा असतो, संत असतो, मालक असतो, सरकार असते, कधी प्रत्यक्ष देव असतो. मानले जाणारे लोक कर्माच्या जागी बसलेले असतात. 'बरोबरी करणे' आले की वाक्य उलटते. येथे कर्ता खालचा असतो आणि वाक्याच्या शेवटी बहुधा नकार नाहीतर धमकी असते : 'तू त्याची बरोबरी करू नकोस', 'आमची बरोबरी करतोस काय?' दोन्ही क्रियापदांचा कोशातला अर्थ जवळचा आहे. एकाने वरच्याचे औदार्य सांगितले जाते, दुसऱ्याने खालच्याचा गुन्हा. वरच्याने सारखे मानले तर तो थोर. खालच्याने स्वतःला सारखे मानले तर तो माजला! हा फरक व्याकरणाचा नाही. तो समाजरचनेचा आहे आणि व्याकरणाने तो इमानाने नोंदवून ठेवला आहे.

२

प्रथम 'लेखणे' घेऊ. 'कमी लेखणे', 'तुच्छ लेखणे', 'समान लेखणे' असे आपण सहज म्हणतो. हे क्रियापद 'लेख' या शब्दातून, म्हणजे लिहिण्यातून आले. लेखणे म्हणजे लिहून हिशेबात धरणे. 'गणणे' हे त्याचेच भावंड. 'जमेस धरणे' हा वाक्प्रचार तर सरळ वहीखात्यातला. कोणाच्या तरी 'खिजगणतीत नसणे' हीही मोजदादीचीच भाषा आहे. एखाद्याला सारखे किंवा कमी समजण्याची आपली कितीतरी क्रियापदे अशी लेखणीच्या टोकाशी जन्मली. आणि लेखणी कोणाच्या हाती होती? निजामी मराठवाड्यात गावाचे दप्तर पटवाऱ्याकडे, वसूल मालीपाटलाकडे, बंदोबस्त पोलीसपाटलाकडे. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या लिहू दिले गेले नाही, तो लेखणारा कसा होणार? तो फक्त लेखला जाणार.

बलुत्याचा हिशेब या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. बलुतेदारांच्या थोरली, मधली, धाकटी अशा ओळी असत आणि काही जुन्या याद्यांत महाराचे नाव सुतार-लोहारांबरोबर थोरल्या ओळीत लागलेले आढळते. याचा अर्थ असा की खळ्यावरच्या धान्याच्या हिशेबात महाराला सुताराच्या पंक्तीत धरायला गावाची हरकत नव्हती. त्याच महाराने सुताराच्या ओट्यावर टेकावे म्हटले असते तर गाव उठले असते. कामापुरते सारखे धरायचे आणि माणूस म्हणून वेगळे काढायचे, अशी ही दुहेरी जमाखर्चाची वही होती. बीदरच्या बादशहाने अमृतनाकाच्या पराक्रमावर खूश होऊन महारांना बावन्न हक्क दिले, ही दंतकथा आपल्या आजोबा-पणजोबांनी सांगितलेली आहे. तिच्यातही क्रियापद 'देणे' हेच. देणारा वर, घेणारा खाली. आणि त्या बावन्न हक्कांच्या यादीत गावच्या विहिरीवर पाणी भरण्याचा हक्क कोणाला सापडतो का ते पाहावे.

मात्र लेखल्या जाणाऱ्यांनी वहीतील नोंद बदलवून घेतल्याचे एक मोठे उदाहरण याच हैदराबाद संस्थानात घडले. भाग्यरेड्डी वर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत 'आम्हाला आदिहिंदू म्हणा' ही मागणी लावून धरली आणि १९३१ च्या जनगणनेत निजाम सरकारला ते नाव नोंदवावे लागले. गणणे हे क्रियापद तेच राहिले, गणणारेही तेच राहिले. परंतु 'आम्हाला काय म्हणून गणायचे' हे प्रथमच मोजल्या जाणाऱ्यांनी सांगितले. कर्म असलेल्या शब्दाने कर्त्याला सूचना दिली, असा हा प्रकार. त्या नावाचे पुढे काय झाले तो भाग वेगळा. नाव बदलले म्हणजे विहीर खुली होते असे नाही, हे त्या पिढीलाही ठाऊक होते.

३

आता 'मानणे'. या शब्दात विचार करणे आणि मान देणे असे दोन्ही अर्थ आहेत. 'समजणे' तर त्याहून कुतूहलाचे. भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचे मूळ संस्कृत 'सम्' आणि 'बुध्' यांत दाखवतात. म्हणजे 'बुद्ध' ज्या धातूतून आला त्याच धातूतून 'समजणे' आले. दुसऱ्याला आपल्यासारखा समजणे ही जागे होण्याची क्रिया आहे, असे यावरून म्हणावेसे वाटते. पण शब्दाचे कूळ उच्च असले म्हणून व्यवहार उच्च होत नाही.

व्यवहारात 'मानणे' या क्रियापदाने मोठीच पळवाट काढून दिली आहे. शिकलेली माणसे म्हणतात, 'मी जात मानत नाही.' हे वाक्य खोटेच असते असे माझे म्हणणे नाही. परंतु मराठीत जातीसाठी दोन क्रियापदे आहेत हे ध्यानात घ्यावे. जात मानली जाते आणि जात पाळली जाते. मानणे मनात होते, पाळणे हातापायांनी होते. विटाळ पाळला जातो, सोवळे पाळले जाते. 'त्याच्या हातचे पाणी चालत नाही' यात तर 'चालणे' हे निरुपद्रवी क्रियापद पहारेकऱ्यासारखे घरादाराच्या तोंडाशी उभे केलेले आहे, आणि तेथे न चालवणारा कोण हे सांगण्याची गरजही उरत नाही. याउलट समता मात्र आपण नेहमी 'मानतो'. समता पाळली, असे सहसा कोणी म्हणत नाही. विषमतेला आचरणाचे क्रियापद आणि समतेला मनातले क्रियापद, अशी ही वाटणी आहे. मनात कोण काय मानतो याची झडती घेता येत नाही, म्हणून समता मानणे फारच स्वस्त पडते.

संविधानकारांनी नेमका हाच धागा ओळखला होता. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे कोणत्याही रूपातले आचरण निषिद्ध ठरवले. कायद्याचा हात मानण्यापर्यंत पोचत नाही, पाळण्यापर्यंत पोचतो. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम, १९७६ मध्ये त्याला कडक करून दिलेले नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव, आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक अधिनियम — ही सारी वाट कृतीचे एकेक क्रियापद पकडण्याची आहे : अडवणे, हाकलणे, बहिष्कार टाकणे, धिंड काढणे. 'मी जात मानत नाही' असे म्हणणाऱ्याला आपण एवढेच विचारावे : पाळता की नाही?

'वागवणे' हे क्रियापदही तपासले पाहिजे. 'आम्ही गड्याला घरच्यासारखे वागवतो' हे वाक्य मराठवाड्यात सालगडी ठेवणाऱ्या घरांतून अगदी सद्भावाने बोलले जाते. 'वागणे' आपले आपण करायचे असते. 'वागवणे' दुसऱ्याला करायचे असते. ओझे वागवतात, छत्री वागवतात. वागवला जाणारा माणूस त्याच ओळीत येतो. आणि 'घरच्यासारखे' यातला 'सारखे' पाहा. घरात जन्मलेल्या मुलाला घरच्यासारखे वागवतो असे कोणी म्हणत नाही, कारण तो घरचाच असतो. 'सारखा' हा शब्द जवळ आणतो आणि त्याच श्वासात वेगळेही काढतो. 'आम्हाला माणसासारखे वागवा' ही विनवणी एका काळी आपल्याही अर्जांतून होत असे. तिच्यातली केविलवाणी अडचण हीच होती. माणूस असलेल्याने माणसासारखे वागवा म्हणून कोणाला का विनवावे?

४

येथे कोणी म्हणेल की आपल्या संतपरंपरेत भेद न मानण्याची शिकवण आहे. ती आहे आणि ती मराठवाड्याच्या मातीत रुजलेली आहे. नरसीचा नामदेव येथला, आणि त्याची एकसष्ट पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. परंतु भेद न मानणे देवापुढे राहिले आणि भेद पाळणे देवळाच्या पायरीवर राहिले. चोखोबाला भक्त म्हणून मानले गेले. त्याची जागा मात्र महाद्वाराबाहेरच ठरली. मानणे आणि पाळणे यांतील दरी तेथेच दिसते.

नांदेडला या प्रश्नाचे एक जिवंत प्रात्यक्षिक आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांचा अंत या गावी झाला. त्याच वेळी त्यांनी ग्रंथालाच गुरू ठरवले. तेव्हापासून हे शिखांचे एक मोठे तीर्थ झाले. गुरुद्वाऱ्यातील लंगरमध्ये जेवायला बसण्याच्या ओळीला 'पंगत' म्हणतात. मराठीतही जेवणाऱ्यांच्या ओळीला पंगतच म्हणतात. शब्द एक, परंतु मराठीने त्या पंगतीला 'पंक्तिप्रपंच' नावाचा आणखी एक शब्द जोडून दिला. एकाच ओळीत बसलेल्यांना वेगवेगळे वाढायचे, वा कोणाला ओळीबाहेर बसवायचे, यासाठी स्वतंत्र नाम निर्माण व्हावे इतका तो व्यवहार नित्याचा होता. लंगरच्या पंगतीत माणूस येतो आणि बसतो. आपल्या लग्नाकार्यांच्या पंगतीत माणूस बसवला जातो. कोणाला कुठे बसवायचे हे बसवणारा ठरवतो, आणि आपल्या माणसांना तर पंगती उठल्यावर उरलेले वाढले जाई. बसणे आणि बसवणे यांत एका अक्षराचे अंतर आहे. मी शीख समाजाला निर्दोष ठरवीत नाही; मजहबी शिखांचे अनुभव जातीच्याच कहाण्या सांगतात. तरीही शेजारी जमिनीवर बसण्याचा नेम घालून देणे म्हणजे समतेला 'पाळण्या'च्या क्रियापदात आणणे होते. तीनशे वर्षे तो नेम नांदेडच्या डोळ्यांसमोर चालू आहे आणि नांदेडच्या खेड्यांनी त्यापासून आपल्या पंगतीसाठी फारसे काही घेतले नाही.

५

आता मूळ क्रियापदाकडे येतो. 'बरोबर' हा शब्द फारसीतून आला. 'बर' म्हणजे छाती. 'बराबर' म्हणजे छातीला छाती. संस्कृतातून आलेल्या 'सम' या शब्दात मोजणारा तिसरा कोणी तरी गृहीत असतो, तो दोन वस्तू पाहतो आणि त्या सारख्या आहेत असे ठरवतो. 'बरोबर'मध्ये तिसरा नाही. दोन माणसे समोरासमोर उभी आहेत आणि एकाची छाती दुसऱ्याच्या छातीच्या उंचीला आलेली आहे, एवढेच चित्र. त्यात वाकलेल्याला जागा नाही. फारसी आणि पुढे उर्दू ज्या संस्थानाची राज्यभाषा होती, त्या आपल्या मुलखात हा शब्द दख्खनीतून आणि मराठीतून दिवसाकाठी शंभरदा उच्चारला जात असे. पण तेथेच जोहार घालणाऱ्याने मान खाली घालायची असे. 'जोहार मायबाप' याला उलट जोहार मिळत नसतो. ते अभिवादन एकाच दिशेने वाहणारे होते.

'जयभीम' या अभिवादनाचे ऐतिहासिक महत्त्व मला येथे दिसते. ते रूढ करण्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना दिले जाते. 'जयभीम' म्हटल्यावर उत्तर 'जयभीम' हेच येते. म्हणणाऱ्याचा आणि उत्तर देणाऱ्याचा शब्द एक, उंची एक. 'बरोबर' या शब्दाचा मूळ अर्थ मराठी अभिवादनात असा उतरला. गावाला त्यातले भीमाचे नाव जितके टोचले, तितकीच त्यातली ही छातीला छाती टोचली असावी.

बरोबरी करण्याचा कार्यक्रम बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला जाहीरपणे हाती घेतला. चवदार तळ्यावर जायचे ते पाण्यावाचून जीव जातो म्हणून नव्हे, तर आम्हीही इतरांसारखी माणसे आहोत हे ठरवण्यासाठी, या आशयाचे त्यांचे प्रतिपादन सर्वांना ठाऊक आहे. तळे 'खुले करा' असे सांगणारा बोले यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात १९२३ सालीच झाला होता. चार वर्षे तो कागदावर राहिला, कारण 'खुले करणे' याचा कर्ता दुसरा कोणी तरी होता. महाडला लोक स्वतः पाणी प्याले. क्रियापद बदलले आणि कर्ता बदलला. पुढे ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातील मक्रणपूरला निजाम राज्यातील दलितांची परिषद भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने भरली आणि हे वारे मराठवाड्यात शिरले. १९५० साली औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या फक्त लेखले गेले होते त्यांची मुले लिहू लागली. नांदेड, उदगीर, अहमदपूर, देगलूर या बाजूंची कितीतरी मुले नागसेनवनात शिकून परतली, शिक्षक झाली, कारकून झाली. गावात परत येताना त्यांच्या अंगावर धुतलेले कपडे होते आणि तोंडात 'जयभीम' होता.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतल्याशिवाय १९७८ समजत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आगडोंब उसळला. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांनी त्याची सर्वांत भीषण झळ सोसली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची त्या ऑगस्टमध्ये हत्या झाली. वस्त्या जळाल्या, धान्य जळाले, माणसे रानोमाळ झाली. विद्यापीठ औरंगाबादला, आणि घरे नांदेडच्या खेड्यांत जळतात! ज्या शेतमजुराने विद्यापीठाची पायरी पाहिली नव्हती त्याचे छप्पर का पेटवले गेले? नावाचा वाद हे निमित्त होते. खेड्यातला राग वेगळ्याच क्रियापदावर होता. मेलेली ढोरे ओढायचे सोडले, येसकरकी सोडली, पोरे शाळेत घातली, ओट्यावरून जाताना चपला काढल्या नाहीत, 'जोहार' सोडून 'जयभीम' म्हणू लागले — या सगळ्याला गावाने एकच नाव दिले होते : 'बरोबरी करायला लागले.' 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण जे सांगते, तेच त्या ऑगस्टमध्ये पेटत्या पलित्यांनी सांगितले गेले.

६

या हिंसाचाराच्या वर्णनासाठी प्रस्थापितांच्या भाषेने जे केले तो सारखे धरण्याचा दुसरा, अधिक घातक प्रकार होय. त्याला 'दंगल' म्हटले गेले. दंगल हा कुस्तीच्या फडातला शब्द. त्यात दोन मल्ल असतात. 'दोन गटांत तणाव', 'दोन्ही बाजूंनी संयम पाळावा' अशी वाक्ये त्यातूनच आली. जाळणारा आणि जळणारा यांना एका वाक्यात सारखे धरायचे आणि निःपक्षपातीपणाचे समाधान मिळवायचे! आयुष्यभर ज्याला कधी बरोबरीचा मानले नाही, त्याला मार खाताना मात्र बरोबरीचा पक्ष करायचे. मराठीत 'सब घोडे बारा टक्के' हा वाक्प्रचार अशाच आंधळ्या सरसकटीकरणासाठी आहे. विषमता लपवायची असेल तर समानतेची भाषा फार उपयोगी पडते, हे आपण तेव्हा शिकलो.

ठराव अमलात यायला जवळपास सोळा वर्षे लागली. त्या काळात लाँग मार्च निघाले, तुरुंग भरले, आणि १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव झाले. मागणी नामांतराची होती. शासनाने 'नामविस्तार' हा शब्द योजला. जुनेही राहील, नवेही येईल, दोघांनाही सारखेच सांभाळले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि नांदेड, लातूर, परभणीची महाविद्यालये तिकडे गेली. या भागाला जवळ विद्यापीठ हवेच होते. स्वामीजींच्या हैदराबाद मुक्तिलढ्यातील कार्याबद्दलही कोणाला शंका नाही. परंतु परिणाम नोंदवला पाहिजे : ज्या जिल्ह्यांनी बाबासाहेबांच्या नावासाठी सर्वांत अधिक रक्त दिले, त्या जिल्ह्यांतील मुलांच्या पदवीपत्रावर ते नाव आले नाही. हिशेब बरोबर झाला असे म्हणणाऱ्यांनी पारडी कोणती आणि वजन कोणाचे, हे पाहिलेले दिसत नाही.

पारड्यांचा विषय निघालाच आहे तर लातूरच्या बाजारातला एक शब्द सांगतो. तूर-हरभऱ्याच्या या पेठेला तराजू नवा नाही. तराजूची दोन पारडी मुळातच सारखी नसली तर हलक्या पारड्याला जे वजन बांधतात त्याला 'पासंग' म्हणतात. पासंग बांधल्याशिवाय त्या तराजूने केलेले प्रत्येक माप खोटे येते. आरक्षणाला विरोध करणारे आज म्हणतात, 'सगळ्यांना सारखेच वागवा.' हे ऐकायला न्यायाचे वाटते. वस्तुतः ही मागणी पासंग काढून टाकून तोलण्याची आहे. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने पंधराव्या अनुच्छेदात चौथे कलम घातले गेले, आणि १९७५ साली केरळच्या एन. एम. थॉमस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा तरतुदी समतेला अपवाद नसून समतेचाच भाग असल्याचा विचार पुढे नेला. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिलेला इशाराही हाच होता : मतपेटीपाशी सारखे आणि गावात विषम, हा विरोध फार काळ चालू ठेवला तर लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल. सारखे लेखायचे तर आधी तराजू तपासा, असा याचा सरळ अर्थ आहे. पण मराठी वाक्प्रचाराने पासंगाचीही थट्टा केली. 'तो त्याच्या पासंगालाही पुरत नाही', असे आपण म्हणतो. तोल आणणाऱ्या वजनाला क्षुद्र ठरवण्याची ही सवय जुनी आहे.

७

येथवर बोट दुसऱ्याकडे होते. आता ते आपल्याकडे वळवणे भाग आहे. बरोबरी करणे हे क्रियापद आपण वरच्यांच्या समोर अभिमानाने उच्चारले. आपल्या आत त्याचा उच्चार कसा होतो? पोचीराम कांबळे मातंग समाजातले होते. ते कोणत्या नावासाठी गेले हे आपण जयंतीच्या भाषणांत सांगतो. पण महारवाडा आणि मांगवाडा यांच्या विहिरी वेगळ्या होत्या, हे त्याच भाषणांत येत नाही. आपल्यातही एकाने दुसऱ्याला 'आपलाच समजणे' चालते, आणि त्याने बरोबरी केली की कपाळाला आठी पडते. अनुसूचित जाती हा एकजिनसी गट धरायचा की त्यातील कमी-अधिक मागासलेपण वेगळे लेखायचे, हा प्रश्न आता न्यायालयातून दारात आला आहे. नांदेडच्या सीमेला लागून असलेल्या तेलंगणात — तेव्हाच्या आंध्र प्रदेशात — मादिगा समाजाने १९९४ पासून त्यासाठी आंदोलन केले. २००४ साली चिन्नय्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा गट एकजिनसी मानला. १ ऑगस्ट २०२४ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा मताने तो निर्णय फिरवला आणि उपवर्गीकरणाचा मार्ग मोकळा केला. या निकालावर आपल्यात मतभेद आहेत. ते असावेत. काहींना त्यात चळवळ फोडण्याचा डाव दिसतो, आणि ती भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु 'आपण सारे सारखेच' हे वाक्य आपल्यातील पुढे गेलेल्याने मागे राहिलेल्याला ऐकवायचे नसते. तो अधिकार मागे राहिलेल्याचा आहे. वरच्यांच्या तोंडी जे वाक्य आपल्याला फसवे वाटले, ते आपल्या तोंडी येताच खरे कसे ठरेल?

हीच गोष्ट स्त्रियांची. 'पुरुषांची बरोबरी करते' हे वाक्य आपल्या वस्त्यांतही शिवीसारखेच वापरले जाते. ज्या शब्दासाठी घरे जळाली तो शब्द घरातल्या बाईविरुद्ध उगारताना आपल्याला काही आठवत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि शिक्षक मित्रांना माझे सांगणे आहे की समतेवरचा कोणताही मजकूर हाती आला — पाठ्यपुस्तकातला धडा असो, शासनाचे परिपत्रक असो, वृत्तपत्रातली बातमी असो वा आपल्याच संघटनेचा ठराव असो — की त्यातली क्रियापदे अधोरेखित करा. 'मानण्यात येते', 'लेखले जाते', 'वागणूक देण्यात येईल' असे कर्ता पुसलेले प्रयोग दिसले तर कर्ता कोण ते विचारा. 'दिले', 'खुले केले', 'सामावून घेतले' असे शब्द दिसले तर देणाऱ्याकडे ते मुळात कुठून आले ते विचारा. आपल्या आजीने-आजोबांनी जोहार सोडला, मिळेल ती मजुरी करून मुलांना शाळेत धाडले, कोणत्या विहिरीवर पहिल्यांदा पोहरा सोडला, हे सारे कर्तरी प्रयोगात लिहून ठेवा. गावाचे नाव आणि साल घालून लिहा. १९७८ पाहिलेली माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. पटवाऱ्याच्या दप्तरात त्यांची नोंद कर्म म्हणूनच आहे. ती कर्ता म्हणून व्हायची असेल तर ती आपल्याच वहीत आणि आपल्याच हाताने व्हावी लागेल, आणि त्याला आता फार अवकाश उरलेला नाही.